इगतपुरीत खाऱ्या पाण्याचा फिश टँक: मासे सगळ्यात शेवटी

खाऱ्या पाण्याचा टँक घरी कसा लावायचा यावर यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ आहेत. बरेचसे परदेशातले आणि आपल्याकडचे असले तर मुंबई-चेन्नईचे. त्यात अर्धा वेळ पाणी थंड कसं ठेवायचं यावर जातो, कारण तिथे चिलर लागतो. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे. इथे जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो आणि जुलैत पाऊस आणि वीज यांचं अजिबात पटत नाही. त्यामुळे मुंबईची यादी जशीच्या तशी घाटावर आणली की ती चालत नाही. हे मला पैसे आणि दोन मासे घालवून कळलं.

दोन वर्षांपूर्वी मी घाईघाईत दोन फुटी टँक, दोन क्लाउनफिश (म्हणजे 'निमो'वाले) आणि एक स्मार्ट प्लग घेतला. पंप प्लगवर आणि प्लग फोनवर. मी कॉम्प्युटर इंजिनिअर असल्यामुळे हे फारच भारी वाटत होतं. जुलैत ऑफिसच्या कामासाठी पुण्याला गेले होते. रात्री वीज गेली आणि पाच तासांनी आली. घरातले दिवे लागले, टँकचा लाइट लागला, आईला वाटलं सगळं सुरू झालं. पण स्मार्ट प्लग वीज परत आल्यावर 'बंद' स्थितीतच राहिला. पंप पुढचे चौदा तास बंद होता. ॲपमध्ये आधी 'ऑफलाइन' दिसत होतं. मला वाटलं वायफाय गेलंय, नेहमीचंच, म्हणून परत उघडून बघितलंच नाही. संध्याकाळी आईचा फोन आला, "अगं, मासे वर तोंड काढून बसलेत." मी घरी पोचेपर्यंत दोन्ही गेले होते.

पाच तास बहुधा निभावले असते. मासे मेले ते ॲपमधल्या एका सेटिंगमुळे. बहुतेक स्मार्ट प्लगच्या ॲपमध्ये 'रिले स्टेटस' किंवा 'पॉवर-ऑन स्टेट' अशा नावाचा पर्याय असतो: वीज आल्यावर चालू, बंद, की आधी होतं तसं. तुमच्याकडे कुठलाही स्मार्ट प्लग असेल, अगदी गिझरवर असला तरी, हे सेटिंग आज उघडून बघा.

पंप थांबला की नक्की काय होतं

मासे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन घेतात आणि तो पाण्यात शिरतो वरच्या हलत्या थरातून. पंप आणि वेव्हमेकर हा थर हलता ठेवतात. खाऱ्या पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी मावतो: २५ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम, समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.७. त्यात आपण सहाशे मीटर वर. इथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा साधारण सात टक्के कमी, म्हणजे तो आकडा ६.३ च्या आसपास येतो. गोड्या पाण्यातला गुरामी किंवा फायटर पृष्ठभागावर येऊन हवा पिऊ शकतो, त्याला त्यासाठी वेगळा अवयव असतो. क्लाउनफिशकडे ती सोय नाही.

शिवाय दगडांत राहणारे जिवाणू, ज्यांच्यावर सगळा टँक चालतो, त्यांनाही ऑक्सिजन लागतो. पाणी थांबलं की ते आणि मासे एकाच साठ्यावर जगतात. म्हणून या वेळी मी टँकचं नियोजन उलटं केलं. पहिला प्रश्न 'कुठला मासा?' असा नाही, 'दहा तास वीज नसेल तर पाणी कोण हलवणार?' असा.

आधी वीज

घरात इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. १५० एएच, १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॉट-अवर. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याखाली वारंवार उतरवली तर तिचं आयुष्य घटतं, म्हणून हिशोबाला ९०० धरा. दोन साधे पंखे आणि चार दिवे मिळून १८० वॉट खातात. म्हणजे पाच तास. टँकचा पंप आणि वेव्हमेकर मिळून जेमतेम २५ वॉट, तो भार काहीच नाही. पण पंख्यांनी बॅटरी संपवली की टँकही गेला. आणि आधी हे बघा की टँकजवळचा सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का. आमचा नव्हता. इलेक्ट्रिशियनकडून एक वायर ओढून घ्यावी लागली.

दुसरा थर म्हणून बॅटरीवरचा एअर पंप ठेवा. वीज गेल्यावर आपोआप चालू होणारे मिळतात. साधा यूएसबी एअर पंप दोन-अडीच वॉट घेतो. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत सुमारे ३७ वॉट-अवर असतात, त्यातले तीसेक हाती लागतात, म्हणजे दहा-बारा तास निघतात. काही पॉवर बँका कमी करंट दिसला की स्वतःच बंद होतात. त्यामुळे घरी आणून एकदा रात्रभर बादलीत चालवून बघा.

हीटर बॅकअपवर ठेवायचा नाही, तो सगळी बॅटरी गिळतो. पावसाळ्यात इथलं घर काही फार थंड नसतं. हिवाळ्यात वीज गेलीच तर १५० लिटर पाणी तासाला एखाद्या अंशाने उतरतं आणि टँकभोवती गोधडी गुंडाळली तर त्याहून हळू. वरून मात्र उघडं ठेवा, हवा लागते.

आता अलर्टची गोष्ट. 'वीज गेली की फोनवर मेसेज येईल' अशी सोय आपण करतो, पण वीज गेली की राउटर जातो आणि मेसेज पाठवणारी वस्तूही जाते. मग कळवणार कोण? दूधवाला दादा दोन दिवस आला नाही तर तो काही 'मी आलो नाही' असा फोन करत नाही, आपणच चौकशी करतो. इथेही तेच. टँकजवळ एक ईएसपी३२ बोर्ड आहे, तो दर पाच मिनिटांनी इंटरनेटवरच्या एका सेवेला 'मी आहे' इतकंच सांगतो. पंधरा मिनिटं आवाज आला नाही की ती सेवा मला टेलिग्रामवर मेसेज टाकते. हेल्थचेक्स डॉट आयओ ही अशीच सेवा आहे आणि एवढ्या कामाला तिचा मोफत प्लॅन पुरतो. बोर्डाचा चार्जर मी मुद्दाम पंपाच्याच एक्स्टेन्शन बोर्डवर लावलाय. बोर्ड ट्रिप झाला, कुणी बटण बंद केलं, राउटर मेला, काहीही झालं तरी एकच मेसेज येतो. कारण घरी फोन करून विचारायचं.

या सोयीत एक भोक आहे. पंपात शंख अडकून तो नुसताच थांबला तर बोर्डाला कळत नाही. त्याला उपाय आई. तिला एवढंच सांगितलंय: लाइट बघू नकोस, पाण्याचा वरचा थर हलतोय का ते बघ.

पंपाच्या वायरमध्ये मी आता एकही स्मार्ट वस्तू ठेवत नाही. स्मार्ट प्लग लाइटला लावा, लाइट चुकला तर कुणी मरत नाही. तापमानासाठी डीएस१८बी२० सेन्सर स्वस्त आणि मस्त आहे, पण त्याची 'स्टेनलेस' नळी खाऱ्या पाण्यात काही महिन्यांत गंजते. ती एका बाजूने बंद काचेच्या नळीत घालून बुडवा.

समुद्र नसलेल्या गावात समुद्र

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेलं तारापोरवाला मत्स्यालय समुद्रासमोर होतं. आपल्याला समुद्राचं पाणी आणायचं तर मुंबईपासून रेल्वेने सुमारे १३५ किलोमीटर, कसारा घाट चढून, दीडशे किलो वजन. वर किनाऱ्याजवळचं पाणी किती स्वच्छ हा प्रश्न आहेच. गंमत म्हणजे आमच्या शेजारच्या अप्पर वैतरणा धरणातून मुंबईला गोडं पाणी जातं. उलटा टँकर कुणी पाठवत नाही.

म्हणजे पाणी घरीच बनवायचं. इथे प्रत्येक जण एकच सल्ला देतो: खडेमीठ टाक. चालत नाही आणि का ते समजून घेण्यासारखं आहे. मिठागरात समुद्राचं पाणी आटतं तेव्हा सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत. आधी कॅल्शियमचे क्षार बसतात, मग साधं मीठ, आणि मॅग्नेशियमचं बरंचसं शेवटच्या कडू पाण्यात राहून जातं. मधला थर काढला की तो जवळजवळ नुसता सोडियम क्लोराइड. चव समुद्राची, पाणी समुद्राचं नाही. म्हणून मत्स्यालयांसाठी मिळणारं तयार 'मरीन सॉल्ट मिक्स'च घ्यावं लागतं. लिटरला साधारण ३७ ग्रॅम, म्हणजे १५० लिटरला साडेपाच किलो. क्षारता ३५ पीपीटी, किंवा २५ अंशांना विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो साध्या पाण्यावर शून्य करून थांबू नका, ३५ पीपीटीच्या तयार द्रावणावर एकदा जुळवा.

मीठ मिसळायचं पाणी जवळजवळ शुद्ध हवं. नळाच्या पाण्यात क्लोरीन, नायट्रेट, फॉस्फेट, कधी जुन्या पाइपचं तांबं असतं. माशांना एक वेळ चालेल, गोगलगायी आणि कोळंबीला तांबं विष आहे. घरचा आरओ वापरता येतो, पण त्यातला 'टीडीएस कंट्रोलर' चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. तो बंद करून घ्यायचा किंवा पाणी पुढे डीआय रेझिनमधून काढायचं.

मला आरओचा त्रास वेगळाच होता. १५० लिटर पाण्यामागे तीनशे-चारशे लिटर वाया जातं. ज्या तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर मे महिन्यात बायका हंडे घेऊन लांब जातात. अशा ठिकाणी हौसेसाठी एवढं पाणी मोरीत सोडायला मन होईना.

मग सरळ पाऊस पकडला. तीन बाय तीन मीटरची ताडपत्री म्हणजे नऊ चौरस मीटर. दहा मिलिमीटर पाऊस पडला की त्यावर ९० लिटर जमतात. म्हणजे १५० लिटरला सतरा मिलिमीटर पाऊस लागतो आणि जुलैत इथे तो काही तासांत पडतो. पत्र्यावरचं पाणी घेऊ नका, गॅल्व्हनाइज्ड पत्र्यातून जस्त उतरतं. पावसाच्या सुरुवातीच्या सऱ्यांपासून लांब राहा आणि प्रत्येक वेळी पहिला अर्धा तास वाहू द्या. मग अन्नासाठीच्या दर्जाच्या ड्रममध्ये धरा. आधी कापसाचा फिल्टर, मग कार्बन, मग डीआय रेझिन. टीडीएस पेनवर शून्य-एक आला की झालं. आरओची गरजच नाही, वाया काही नाही आणि रेझिनही खूप दिवस पुरतं. दोन मोठे झाकणाचे ड्रम भरून ठेवले की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बरीच सोय होते.

उन्हाळ्यात रोज लिटर-दीड लिटर पाणी उडून जातं. उडतं फक्त पाणी, मीठ मागे राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या शुद्ध पाण्याची. खारं पाणी ओतत राहिलात तर महिन्याभरात लोणचं होईल. तेच उडणारं पाणी एप्रिल-मेत कामाला येतं: वरून छोटा पंखा लावला की दोन-तीन अंश उतरतात आणि चिलरचा खर्च वाचतो.

केवढा आणि कुठे

लहान टँक स्वस्त आणि म्हणून सोपा, असं वाटतं. उलट आहे. कमी पाण्यात प्रत्येक चूक झपाट्याने वाढते. तीन फूट लांब, दीड रुंद, दीड उंच घ्या. दगड-वाळू धरून त्यात दीडशे लिटरच्या आसपास पाणी मावतं आणि सगळं मिळून वजन अडीचशे किलोच्या पुढे जातं. भारतीय मानकात घरातल्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला साधारण दोनशे किलोच्या भारासाठी धरतात. टँकखाली तो भार सहाशेच्या वर जातो. म्हणून भिंतीलगत, बीमजवळ ठेवा, खोलीच्या मधोमध नाही. जुन्या घरात लाकडी माळ्यावर अजिबात नाही, तळमजलाच बरा.

हीटर दोनशे वॉटचा एक घेण्यापेक्षा शंभरचे दोन घ्या. हीटर बिघडतो तेव्हा कधीकधी चालूच राहतो. एकट्या शंभराला एवढं पाणी उकळवायला वेळ लागतो, तोवर तुमच्या लक्षात येतं.

जिवाणूंचे सहा आठवडे

दगड कोरडे, सच्छिद्र, चुनखडीच्या जातीचे घ्या. "सह्याद्रीत राहून दगड विकत?" असं आमच्याकडे सगळ्यांनी विचारलं. आपला काळा पाषाण घट्ट असतो, त्यात जिवाणूंना राहायला खोल्याच नाहीत.

माशाची घाण म्हणजे अमोनिया. एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. ही वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात आणि ती मासे न घालता जमवायची. त्यांना खायला अमोनियम क्लोराइड द्या. कल्हईवाले वापरतात तो नवसागर हाच, पण बाजारातला शुद्ध नसतो, प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्या. १५० लिटरला एक ग्रॅमच्या आसपास टाकलं की दोन पीपीएम अमोनिया होतो. तेवढा चोवीस तासांत अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य होऊ लागला की टँक तयार. इथे घाई नको, कारण समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या जवळ असतो आणि त्या पीएचला अमोनियाचा विषारी भाग पीएच ७ च्या पाण्यापेक्षा दहा पटीच्या आसपास असतो.

टेस्ट किटचे रंग फोनच्या कॅमेऱ्याने वाचणारी ॲप आहेत. मी वापरून सोडली. ट्यूबलाइटखाली कॅमेरा रंग स्वतःच सुधारतो आणि पिवळ्याचा हिरवा करतो. खिडकीशी जाऊन डोळ्यांनी बघा.

शेवटी मासे

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कठीण प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे २००१ मध्ये पहिल्या अनुसूचीत घेतले गेले, म्हणजे वाघाच्या रांगेत. ते पकडणं, विकणं, बाळगणं गुन्हा आहे. दुकानात कुणी 'सगळे ठेवतात' म्हणालं तरी घेऊ नका. पहिल्या टँकला प्रवाळ लागतही नाही.

क्लाउनफिश मात्र हॅचरीत वाढवता येतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या विळिंजम आणि मंडपम केंद्रांनी त्याचं तंत्र बसवलंय आणि आपल्या राज्यात ऐरोलीला मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात शोभिवंत समुद्री माशांची हॅचरी आहे. दुकानात गेलात, मग ते क्रॉफर्ड मार्केटचं असो की कुर्ल्याचं, पहिला प्रश्न हा विचारा: हॅचरीतला की समुद्रातून धरलेला? हॅचरीतला मासा कोरडं खाणं खातो, टँकची सवय असते. दोन लहान घ्या. क्लाउनफिश सगळे नर म्हणून सुरुवात करतात, जोडीतला मोठा पुढे मादी होतो, त्यामुळे जोडी आपोआप जमते. 'डोरी'वाला निळा टँग घेऊ नका, त्याला हा टँक म्हणजे लिफ्ट आहे. अॅनिमोनी पहिलं वर्ष विसरा.

पावसाळ्यात मासे आणायचे नाहीत. घाटात दरड आली की गाडी कुठे आणि किती वेळ उभी राहील सांगता येत नाही, आणि पिशवीतला ऑक्सिजन मोजकाच असतो. मी जुलैत पाणी धरलं, ऑगस्ट-सप्टेंबरात जिवाणू जमवले आणि नोव्हेंबरात सकाळच्या गाडीने थर्मोकोलच्या डब्यातून मासे आणले. पिशवी अर्धा तास बंदच टँकमध्ये तरंगत ठेवा म्हणजे तापमान जुळेल. उघडल्यावर मात्र रेंगाळू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो, उघडल्यावर तो चढतो आणि पिशवीतला अमोनिया एकदम विषारी होतो.

एकूण खर्च माझ्या वहीत ४८ हजारांच्या थोडा वर गेला. त्यात मासे अडीच हजारांचे. बॅकअप आणि वायरिंग नऊ हजार, आणि हेच पैसे मी पहिल्या वेळी वाचवले होते.

या जूनपासून टेलिग्रामवर तो मेसेज अकरा वेळा आलाय. सगळ्यात लांब वीज गेली ती सहा तास चाळीस मिनिटं, पहाटेची. एअर पंप चालू होता, दोघंही सकाळी दगडामागून बाहेर आले. अकरापैकी दोन वेळा वीज गेलीच नव्हती. आईने मिक्सर लावायला प्लग काढला होता. आता त्या सॉकेटवर लाल चिकटपट्टी आहे आणि मिक्सरला वेगळा बोर्ड.